घरभाडे आणि जोडकमाई



शिकायला पुण्या-मुंबईत आलेल्या मुलांपुढे पहिला प्रश्न असतो खोलीच्या भाड्याचा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी शासनाने 2016-17 मध्ये स्वाधार योजना सुरू केली. या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले. त्यात निवासाचे 20,000, म्हणजे महिन्याला सुमारे 1,667 रुपये. एवढ्यात भाडे भागत नाही.

म्हणून जोडकमाई करावी लागते. त्यात कमीपणा नाही. वकिलीचा जम बसत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1925 ते 1928 या काळात मुंबईतील एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. जवळची विद्याच त्यांच्या कामी आली. शिकवणी, टंकलेखन, हिशेब लिहिणे ही कामे आपणही करू शकतो.

मात्र बँकेच्या काउंटरमागे बसणारे आम्ही एक इशारा देऊ इच्छितो. "तुझे खाते महिनाभर वापरू दे, दोन हजार देतो," असे कोणी म्हटले तर साफ नकार द्या. अशा खात्यांतून फसवणुकीचा पैसा फिरतो. मग खाते गोठते, त्यातली शिष्यवृत्ती अडकते आणि पोलिसांची नोटीस खातेदाराच्याच नावाने येते. महिन्याच्या भाड्यासाठी आयुष्याची नोकरी गमावू नका. सम्यक आजीविका म्हणतात ती हीच.

आणि आम्हा नोकरदारांचेही कर्तव्य आहे. घरच्या मुलांची शिकवणी आपल्याच गरजू विद्यार्थ्यांना द्यावी आणि मोबदला भाड्याच्या तारखेपूर्वी द्यावा.

जय भीम!