केळीचं खोड आणि आपलं कापड

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातलं भाषण. बोलण्याच्या ओघात तुटलेली वाक्यं तेवढी लिहिताना जोडली आहेत.)



जेवणानंतरचं भाषण माझ्या वाट्याला आलं आहे, तेही भरीत-पुरीच्या जेवणानंतरचं. त्यामुळे कोणाचा डोळा लागला तर मी मनाला लावून घेणार नाही.

संयोजकांनी विषय दिला 'पर्यावरणपूरक कपडे'. मी सॉफ्टवेअरमधली बाई, मला कपड्यातलं काय कळतं, असं काहींना वाटलं असेल. गेली काही वर्षं मी पुण्यात ज्या कामावर आहे ते कापडाशीच जोडलेलं आहे. परदेशात विकल्या जाणाऱ्या एखाद्या शर्टाचा कापूस कुठून आला, सूत कुठे कातलं, रंग कुठे दिला, शिवला कुठे, या सगळ्याची नोंद ठेवणारी प्रणाली आम्ही लिहितो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये एक कायदा लागू केला. त्यानुसार पुढे तिथे विकायच्या मालाला डिजिटल पासपोर्ट लागणार आहे आणि कापड त्या यादीत अगदी वरच्या बाजूला आहे. म्हणजे कपड्याची कुंडलीच म्हणा.

त्या कुंडलीत एक रकाना धाग्याचा असतो. पूर्वी तिथे कापूस, पॉलिस्टर, लोकर एवढंच यायचं. आता बांबू येतो, सिसिलीतल्या संत्र्यांच्या सालींपासून केलेला धागा येतो, अननसाच्या पानांपासून केलेलं चामड्यासारखं कापड येतं. आणि केळी येते. 'केळी' हा शब्द दिसला की मी जळगावची असल्यामुळे तिथे थांबते आणि हिशोब करू लागते.

हिशोब असा. आपल्या जिल्ह्यात केळीखाली ५० हजार हेक्टरांच्या आसपास जमीन आहे. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. घड एकदा कापला की त्या झाडाचं काम संपलं. खोड उरतं. हेक्टरी ६० ते ८० टन, म्हणजे एकराला २५-३० टन. यावल-रावेरकडे ज्यांची बाग आहे त्यांना हे मी सांगायला नको. ते खोड तोडून बांधावर टाकायचं, नाहीतर सरीत कुजवायचं, आणि दोन्हीला मजुरी लागते. लग्नात दाराशी दोन खांब लागतात, फुलवाल्याला गजरे बांधायला सोपट लागतं, बाकी सगळं ओझं.

या खोडात चांगला चिवट धागा आहे. यंत्राचं काम समजायला सोपं आहे. खोडाचे पदर सुटे करायचे, फिरत्या पात्यांच्या तोंडाशी एकेक पदर धरायचा, पाती मऊ गर आणि पाणी खरवडून टाकतात, हातात धागे राहतात. ते धुवायचे, वाळवायचे. पण खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. १०० किलो खोड घातलं तर वाळलेला धागा जेमतेम एक किलो, बहुतेक वेळा त्याहून कमी. दोन माणसं दिवसभर यंत्रावर उभी राहिली तर १५-२० किलो.

हे आकडे मी कागदावर करत होते तेव्हा आपल्याच वर्गातली एक मैत्रीण ते प्रत्यक्ष जगत होती. ती इथे बसली आहे, नाव घेऊ नको असं तिने बजावलंय. तिला यावल तालुक्यात दिली. तिच्या बचत गटाने कर्ज काढून असं यंत्र घेतलं. पहिलं वर्ष उत्साहात गेलं. मग व्यापाऱ्याने धागा लालसर आहे म्हणून परत केला. एक हंगाम यंत्र शेडमध्ये ताडपत्रीखाली होतं आणि कर्जाचा हप्ता सुरूच होता. मागच्या दिवाळीत तिने मला विचारलं, "तू तर परदेशातल्यांचं काम करते. ते लोक खरंच केळीचं कापड घेता का, का नुसतं बोलता?"

आजचं भाषण म्हणजे तिच्या प्रश्नाचं मी शोधलेलं उत्तर आहे.

केळीचं कापड खरंच असतं. जपानच्या ओकिनावा बेटांवर किजोका नावाचं गाव आहे. तिथे केळीच्या धाग्याचं कापड विणतात, त्याला बाशोफू म्हणतात. पंखाच्या किड्यासारखं पातळ, उन्हाळ्यात अंगाला न चिकटणारं. दुसऱ्या महायुद्धानंतर डास होतात म्हणून अमेरिकी सैन्याने तिथली बरीच केळी तोडून टाकली आणि ही कला संपायलाच आली होती. तोशिको ताइरा नावाच्या बाईंनी गावातल्या बायकांना, त्यात युद्धात नवरे गमावलेल्या बायकाही होत्या, पुन्हा मागावर बसवलं. २००० साली जपान सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. २०२२ मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, त्या गेल्या.

पण त्यांची केळ वेगळी. ती धाग्यासाठीच लावतात, फळासाठी नाही. धागा मऊ राहावा म्हणून पानं छाटत तीन वर्षं वाढवतात. आणि एका किमोनोच्या कापडाला साधारण २०० झाडं लागतात. धागा कातत नाहीत. बायका एकेक तंतू हाताने गाठ मारून जोडतात. आपली ग्रँड नैन अकरा-बारा महिन्यांत पंचवीस किलोचा घड पेलते. तिचा धागा त्या ओझ्याला शोभेल असाच आहे, जाड आणि ताठ. सूतगिरणीचं यंत्र कापसाच्या एक-सव्वा इंची मऊ तंतूंसाठी बनलेलं, त्यात हा धागा तसाच घातला तर चालत नाही. आधी मऊ करावा लागतो, कापावा लागतो, मग कापसात थोडा मिसळावा लागतो. म्हणून बाजारात जे खरं केळीचं कापड असतं त्यात बहुधा केळीचा वाटा लहान असतो. त्यात गैर काही नाही, तेवढं लिहिलं म्हणजे झालं.

गैर कुठे आहे ते सांगते. सर-बाईंना द्यायला आपल्या समितीने आधी 'केळीच्या धाग्याच्या' शाली पाहिल्या होत्या. नमुना माझ्याकडे पाठवला. मी त्यातले चार धागे ओढून चिमट्यात धरले आणि काडी लावली. कोणत्याही झाडाचा धागा कागदासारखा जळतो, कागद जळाल्याचाच वास येतो, राख बोटाने चुरगळते. हा धागा वितळला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. म्हणजे पॉलिस्टर. हा प्रयोग तुम्ही घरी करू शकता, फक्त साडीच्या आतल्या काठाचा धागा घ्या आणि मोरीत उभं राहून करा.

बांबूच्या कापडाचंही तसंच थोडं आहे, जरा सभ्य पद्धतीने. 'बांबू' म्हणून मिळणारे बहुतेक मऊ कपडे व्हिस्कोस असतात. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून त्यातून नवा धागा ओढतात. हे दुसरं रसायन कामगाराच्या मज्जासंस्थेला घातक आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा कपड्यांना नुसतं 'बांबू' म्हणायला हरकत घेतली आणि दुकानांना दंडही केले. झाड हिरवं होतं एवढ्यावर कापड हिरवं ठरत नाही.

मग मैत्रिणीच्या यंत्राचं काय? याचं चांगलं उत्तर मला आपल्या जवळच सापडलं. भुसावळहून सुरतेच्या गाडीत बसलं की सुरतेच्या पलीकडे नवसारी. तिथल्या कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडावर काही वर्षं पद्धतशीर काम केलं. त्यांनी धाग्याकडे एकट्या धाग्याचा धंदा म्हणून पाहिलं नाही. खरवडताना जे पाणी वाहून जातं त्यात पालाश भरपूर असतं, त्याचं त्यांनी द्रवखत केलं. उरलेल्या चोथ्याचं गांडूळखत. खोडाच्या आतल्या पांढऱ्या गाभ्याची कँडी सुद्धा केली. शंभर किलोतला एक किलो विकून मजुरी निघत नाही. बाकीच्या नव्व्याण्णव किलोंतलं काहीतरी विकलं गेलं पाहिजे. बचत गटाला यंत्र विकणाऱ्याने एवढी एक गोष्ट सांगितली असती तर बरं झालं असतं. आता गटाच्या शेडमागे दोन टाक्या बसल्या आहेत आणि खोडाचं पाणी पहिल्यांदा गटातल्याच शेतात वापरून पाहणं चाललंय.

लालसर रंगाचं कारणही सापडलं. खोड कापल्यावर ते लवकरात लवकर, शक्यतो त्याच दिवशी, यंत्रावर जावं लागतं. चार दिवस उन्हात पडलं की रस काळवंडतो, धाग्याला रंग चढतो. आणि आपल्याकडे सगळी बाग एका दिवशी कापत नाहीत, घड तयार होतील तशी फेऱ्यांनी कापणी चालते. त्यामुळे कधी शेडपुढे खोडांचा ढीग, कधी चार दिवस काहीच नाही. मला हे ऐकून बरं वाटलं, खरं सांगते, कारण वेळापत्रकाचा प्रश्न म्हणजे माझ्या घरचं काम. कुठल्या बागेत कधी कापणी, किती झाडं, शेडपासून किती लांब, एवढंच नोंदवणारा छोटा कार्यक्रम मी लिहून दिला. गटातल्या एका बाईंची अकरावीतली मुलगी तो मोबाइलवर चालवते. माझ्यापेक्षा तिला त्यातल्या खोडी जास्त कळतात.

इथे एक गोष्ट राहून जाऊ नये. केळी, बांबू, संत्री यांच्या गडबडीत आपण कापसाला विसरतो. माझे मामा धुळ्याच्या न्यू प्रताप मिलमध्ये साच्यावर होते. सुट्टीत आम्ही धुळ्याला गेलो की मामा आमच्या फ्रॉकचं कापड दोन बोटांत चोळून सूत कोणतं ते सांगायचे. अमळनेरला प्रताप मिल, जळगावला खान्देश मिल. आज जळगावच्या त्या जागेवर मॉल आहे आणि त्यात टांगलेले कपडे कुठून येतात हे माझ्या संगणकात दिसतं, खान्देशातून क्वचित.

त्या गिरण्यांच्या सुरुवातीच्या काळात इथे मुख्यतः देशी कापूस होता. आखूड धाग्याचा, पण कोरडवाहूत टिकणारा आणि रसशोषक किडींना सहज न बधणारा. जळगावच्या संशोधन केंद्राचा वाय-१ हा देशी वाण कित्येकांच्या आजोबांनी लावला असेल. २००२ नंतर बीटी संकरित वाण आले आणि देशी कापूस जवळजवळ दिसेनासा झाला. बीटीला मी नावं ठेवत नाही, बोंडअळीने रडवलेले दिवस आपण पाहिलेत. पण कमी पाण्यात, कमी फवारणीत येणारा धागा शोधायला जग संत्र्याच्या सालीपर्यंत गेलं, आणि तसा एक धागा आपल्याच काळ्या जमिनीत होता, हे मला चमत्कारिक वाटतं. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं, तिथे खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. गावात पिकतं त्याचंच कापड, ही तिथली कल्पना आज परदेशी कंपन्यांच्या अहवालात नव्या नावाने वाचायला मिळते. फैजपूर तर मैत्रिणीच्याच तालुक्यात.

आता तिच्या प्रश्नाकडे. परदेशातले लोक केळीचं कापड घेतात का? थोडं घेतात, आणि पुढे पुराव्याशिवाय घेणार नाहीत. ज्याच्याकडे शेत, तारीख आणि वजन यांची नोंद आहे त्याचंच चालेल. गटाकडे ती नोंद आता आहे. साड्यांची स्वप्नं सध्या बाजूला ठेवली आहेत. आधी दोर, पायपुसणी, पिशव्या, हातकागद. सर आणि बाई, तुमच्या हातात सकाळी ज्या पिशव्या दिल्या त्या त्याच शेडमधल्या. केळीच्या धाग्याची वेणी घालून शिवलेल्या, आतून सुती अस्तर. थोड्या खरखरीत आहेत, महिनाभर वापरल्या की मऊ पडतात. पावसात भिजली तर सावलीत वाळवा, नाहीतर बुरशी धरते.

शेवटचं, कामाचं. गटाला मृगबागेच्या कापणीसाठी अजून खोड हवं आहे, शेडपासून दहा किलोमीटरच्या आतलं. आपल्या तुकडीत सावदा, फैजपूर, न्हावी भागात बाग असलेले निदान सात-आठ जण आहेत. कापणीच्या आदल्या दिवशी एक फोन केला की गटाचा ट्रॅक्टर येतो, तोडणीची मजुरी तुम्हाला पडत नाही. नावं लिहायची वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे. ती वही मैत्रिणीकडे आहे, माझ्याकडे नाही. मी उद्या सकाळच्या गाडीने पुण्याला जाते.