मागणीआधी मांडणी

(सेवासंस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील सेवाकार्य समाजाच्या दातृत्वावर उभे राहिले. महर्षी कर्वे यांनी हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव हिंडून वर्गणी जमवली. कर्मवीर भाऊराव पाटील यांची वसतिगृहे मूठ-मूठ धान्यावर चालली. त्या काळी देणारा आणि घेणारा परस्परांना ओळखत. कार्यकर्त्याचे चारित्र्य हाच त्याचा अर्ज असे. आज परिस्थिती पालटली आहे. निधी देणारा अधिकारी मुंबईत किंवा बंगळुरूत बसतो. त्याने ना गाव पाहिलेले असते, ना कार्यकर्ता. पूर्वी जे काम ओळखीचा चेहरा करीत असे, ते आता कागदाला करावे लागते.

या कागदाचे महत्त्व वाढण्यामागे कायद्याचाही हात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. अशा निधीतून काम करणाऱ्या संस्थांना २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करणे आवश्यक झाले. निधीचा ओघ वाढला, तशी छाननीही वाढली.

आणि तरीही अनेक संस्थांतील रीत जुनीच राहिली. आर्थिक वर्ष संपत आले की एखाद्या कंपनीकडून निरोप येतो, ‘आठ दिवसांत प्रस्ताव पाठवा.’ धावपळ सुरू होते. गेल्या वर्षीचा प्रस्ताव काढून गावाचे नाव आणि आकडे बदलले जातात. असा प्रस्ताव फेटाळला गेला, तर हानी मर्यादित असते. तो मंजूर झाला, तर मात्र खरी अडचण सुरू होते. नीट विचार न करता दिलेले वचन आता पाळावे लागते, आणि ज्यांच्यासाठी काम करायचे, त्यांच्या नशिबी नको असलेली वस्तू येते. म्हणून प्रस्तावाच्या भाषेची चिंता नंतर. आधी कामाची मांडणी. तिची काही साधने आहेत. ती महाग नाहीत. कागद, पेन्सिल आणि गावकऱ्यांसोबत बसण्याची तयारी, एवढ्यावर भागते.

समस्येचा वृक्ष

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका डोंगराळ तालुक्यात सातवीनंतर मुली शाळा सोडतात. संस्थेच्या मनात पहिला विचार येतो तो दोनशे सायकलींचा. छायाचित्र चांगले येते, दात्यालाही आवडते. पण सायकलींचा आकडा लिहिण्यापूर्वी एका मोठ्या कागदावर झाड काढावे. खोड म्हणजे समस्या : मुली शाळा सोडतात. फांद्या म्हणजे तिचे परिणाम : लवकर लग्न, अल्पवयात बाळंतपण, अर्धवट शिक्षण. मुळे म्हणजे कारणे. प्रत्येक कारणाला ‘हे का?’ असे पुन्हा पुन्हा विचारत खाली जावे. आणि हे प्रश्न आया, मुली, शिक्षक यांना विचारावेत.

या झाडाच्या मुळांशी काय सापडते? माध्यमिक शाळा सात किलोमीटरवर, मध्ये घाट. म्हणजे सायकल निरुपयोगी. एस.टी. आहे, मुलींसाठी मोफत पासाची सरकारी योजनाही आहे. परंतु गाडी शाळा भरल्यानंतर पोहोचते. शाळेत स्वच्छतागृह आहे, पण पाणी नाही. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि मुलीही त्यांच्यासोबत जातात. ही तीन मुळे निरनिराळी आहेत. पहिल्या मुळासाठी एक पैसाही लागत नाही. ग्रामसभेचा ठराव आणि आगार व्यवस्थापकाची भेट लागते. निधी मागायचा तो पाण्यासाठी आणि हंगामी निवासासाठी. समस्येचा वृक्ष काय मागावे हे सांगतो, त्याचप्रमाणे काय मागू नये हेही सांगतो.

तर्काची चौकट

दुसरे साधन म्हणजे तर्कचौकट, इंग्रजीतील ‘लॉगफ्रेम’. १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेसाठी ती तयार झाली. पुढे १९८० च्या दशकात जर्मन विकाससाहाय्य संस्थेने तिला सर्व संबंधितांना एकत्र बसवून करावयाच्या नियोजनाची जोड दिली. मूळ परदेशी असले, तरी तिच्यातील तर्क कोणत्याही शेतकऱ्याला उमजेल असा आहे : पेरले तर उगवेल, पण पाऊस पडला तर.

चार ओळी आणि चार रकाने. ओळी खालून वर : कृती, फलित, उद्दिष्ट आणि ध्येय. उदाहरणातील कृती म्हणजे हंगामी निवास सुरू करणे. फलित म्हणजे चाळीस मुलींच्या राहण्याची सोय. उद्दिष्ट म्हणजे त्या मुली दहावीपर्यंत शाळेत टिकणे. ध्येय म्हणजे बालविवाह घटणे. रकान्यांत प्रत्येक ओळीचे वर्णन, ती मोजण्याचा निर्देशक, पुरावा कोठे मिळेल आणि कोणती गोष्ट गृहीत धरली आहे, हे लिहायचे.

बहुतेक प्रस्ताव फलितापाशी थांबतात. ‘चाळीस मुलींची सोय केली’ हे संस्थेने काय केले ते सांगते; मुलींच्या आयुष्यात काय बदलले ते सांगत नाही. सर्वांत दुर्लक्षित असतो तो चौथा रकाना, गृहीतांचा. ‘पालक मुलींना मागे ठेवून जाण्यास तयार होतील’ हे गृहीत लिहिले की लगेच प्रश्न उभा राहतो : त्यांना कोणी विचारले आहे का? न विचारता निवास उभारला, तर खाटा रिकाम्या राहतील. गृहीत लिहून काढणे हा दुबळेपणा नव्हे. अडथळा कोठे येईल हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याच्यावर दाता अधिक विश्वास ठेवतो.

आधी मोजणी

तिसरे साधन म्हणजे आरंभस्थितीची नोंद. याचे लखलखीत उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांचे मृत्यू रोखण्याचा प्रयोग केला. प्रशिक्षित गावकरी स्त्रियांमार्फत घरोघरी उपचार सुरू झाले ते १९९५ साली. परंतु जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद १९९३ पासूनच चालू होती. ३९ गावांत सेवा आणि ४७ गावे तुलनेसाठी, अशी रचना होती. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट दिसली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि २०११ मध्ये आशा सेविकांमार्फत घरोघरी नवजात सेवेचा कार्यक्रम देशपातळीवर स्वीकारला गेला. आधीची मोजणी नसती, तर इतक्या परिश्रमांनंतरही हाती केवळ हृद्य आठवणी उरल्या असत्या.

प्रत्येक संस्थेला एवढे संशोधन शक्य नाही. पण शाळेच्या हजेरीपटावरून गेल्या तीन वर्षांत सातवी उत्तीर्ण झालेल्या किती मुली आठवीत दाखल झाल्या, हे मोजणे एका कार्यकर्त्याचे आठवड्याचे काम आहे.

वेळ आणि पैसा

चौथे साधन वेळापत्रकाचे. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा तक्ता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून रूढ झाला : डावीकडे कामे, वर महिने, मध्ये आडव्या पट्ट्या. त्यावर आपल्याकडील ऋतू आणि सण मांडले की चुका डोळ्यांसमोर येतात. बांधकामाची पट्टी श्रावणात आली, तर ती हलवावी लागते. कुटुंबे दिवाळीनंतर निघतात, तेव्हा निवास दिवाळीपूर्वी सज्ज हवा. निधी डिसेंबरात मिळणार असेल, तर पहिले वर्ष हातचे गेले, हे प्रस्तावातच सांगावे.

अंदाजपत्रकातील प्रत्येक आकड्याचे बोट तर्कचौकटीतील एखाद्या कृतीकडे असावे. ‘किरकोळ’ या शब्दाइतका संशय दुसऱ्या कोणत्याही शब्दाने उत्पन्न होत नाही. उलट, कार्यकर्त्यांचे मानधन, प्रवास, हिशेब-तपासणी हे खर्च लपवण्याचेही कारण नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीतील ५ टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा अनेकांना संस्थेवरील बंधन वाटते. वास्तविक ती कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रशासनासाठी आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवरील थेट खर्च तीत मोडत नाही. परदेशी देणग्यांचा नियम वेगळा आहे. तेथे २०२० च्या दुरुस्तीने संस्थेच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. दोन्ही नियमांची गल्लत झाली, तर एक तर कार्यकर्ता उपाशी राहतो, नाही तर संस्था अडचणीत येते.

काही निष्ठावंत कार्यकर्त्यांना हे सारे कोरडे वाटते. सेवा ही अंतःकरणातून होते, तिचे तक्ते कसले, असे ते म्हणतात. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तळमळीने माणूस घाटापलीकडच्या वस्तीवर पोहोचतो. तेथे पोहोचल्यावर काय करायचे, हे मात्र विचारानेच ठरते. चुकीच्या कामावर खर्च झालेला रुपया दात्याचा असतो, पण वाया गेलेले वर्ष त्या मुलीचे असते. तिला पुन्हा आठवीत बसता येत नाही.

म्हणून निरोपाची वाट न पाहता, निवांत महिन्यांत संस्थेने गावकऱ्यांसह बसून वृक्ष, चौकट, मोजणी, वेळापत्रक आणि अंदाजपत्रक एवढे पाच कागद सिद्ध ठेवावेत. मग आठ दिवसांची मुदत पुरेशी ठरते. आणि एखाद्या वर्षी अनुदान मिळाले नाही, तरी गावाच्या हाती आराखडा उरतो; एस.टी.ची वेळ बदलून घेण्यासाठी तर कोणाच्याच मंजुरीपत्राची वाट पाहावी लागत नाही.