अंगानं बारीक, म्हणून निरोगी?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, लासूर स्टेशन येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि 'तू डॉक्टर आहेस, तब्येतीवर बोल' एवढंच सांगितलं आहे. छत्रपती संभाजीनगरात फिजिशियन म्हणून मला तीस वर्षं झाली. आज मी फक्त हृदयाबद्दल बोलणार आहे, त्याचं कारण थोड्या वेळापूर्वी तुम्हीही ऐकलंत. श्रद्धांजलीत आपल्या तुकडीतली नऊ नावं वाचली गेली. त्यांतली पाच माणसं हृदयविकारानं किंवा अर्धांगवायूनं गेली. त्यांतल्या एकानंही साठी पाहिली नाही.

त्या पाचांतल्या एकाबद्दल सांगतो. नाव घेत नाही, तुम्ही ओळखालच. शाळेच्या कबड्डीच्या संघात होता. अंगानं काटक, पोट म्हणून नाही. गळ्यात माळ, मांसाहार नाही, दारू नाही. रोज शेतात जायचा, मोंढ्यात कांद्याची गाडी स्वतः खाली करायचा. 'तंबाखू सोडली तर कसलं व्यसन नाही,' असं त्याच्याबद्दल सगळे कौतुकानं म्हणायचे. एका संध्याकाळी छातीत जळजळलं, डावा खांदा भरून आला, घाम फुटला. पित्त झालं असेल म्हणून सोडा घेतला, आडवा झाला. पहाटे शहराकडे न्यायची तयारी होईपर्यंत सगळं संपलं होतं. वय अठ्ठेचाळीस.

दहाव्याला सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं : 'इतका बारीक माणूस, त्याला कसा काय ॲटॅक?' या प्रश्नाचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच, खेड्यांत फिरून शोधलं गेलं आहे. ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. खेडी आपल्यासारखीच, शेतीवर जगणारी. तिथल्या तरुण विवाहित स्त्रियांची नोंद त्यांना दिवस जाण्याआधीपासूनच ठेवली. त्या काय खातात, किती काम करतात, वजन किती, हे सगळं लिहून ठेवलं. मूल जन्मलं की त्याचंही मोजमाप घेतलं. ही बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी ३.५ किलोची. म्हणजे आपली बाळं लहान आणि हडकुळी, यात कुणाला नवल वाटलं नाही. नवल पुढे होतं. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. जगभरच्या वैद्यकीय लिखाणात याला 'थिन-फॅट इंडियन बेबी' असं नाव पडलं.

मोठेपणीही हेच दिसतं. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. उंची-वजनाचं गणित, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, ते दोघांचंही अगदी सारखं, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच शेरा देत होता. आतलं चित्र मात्र वेगळं होतं.

ही आतली चरबी काय करते? ती पोटात, यकृताभोवती साठते. इन्सुलिनचं काम नीट होऊ देत नाही. त्यातून साखर वाढते, रक्तातली वाईट चरबी वाढते, रक्तदाब वाढतो. हळूहळू रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीत चरबीचा थर धरतो. आपल्या शेतकरी मित्रांना ठिबकच्या नळीत क्षार बसतात ते ठाऊक आहे. बरेच जण समजतात की ॲटॅकही तसाच येतो, नळी हळूहळू बुजते आणि एक दिवस बंद पडते. पण बहुतेक वेळा तसं होत नाही. भिंतीतला तो थर एकाएकी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. तोवर नळी अर्धीअधिक उघडीही असू शकते. म्हणून काल दिवसभर पोती उचललेला माणूस आज कोसळतो, आणि आपण म्हणतो, 'कालपर्यंत तर ठणठणीत होता.'

दुसरी गोष्ट वयाची. २००४ सालीच 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५२ देशांतले पहिल्यांदा ॲटॅक आलेले सुमारे १५,००० रुग्ण आणि जवळपास तितकेच ॲटॅक न आलेले लोक यांची त्यात तुलना केली होती. त्यातल्या दक्षिण आशियाच्या आकडेवारीवर नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली स्वतंत्र निबंध लिहिला. आपल्या भागातल्या लोकांना पहिला ॲटॅक येण्याचं सरासरी वय ५३ होतं, बाकीच्या देशांत जवळजवळ ५९. म्हणजे सहा वर्षं आधी. पोरांची शिक्षणं चालू, मुलीचं लग्न व्हायचं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, अशा वयात घरचा कर्ता माणूस जातो.

पण याच अभ्यासानं मोठा दिलासाही दिला. ॲटॅकमागची कारणं गूढ नाहीत. तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, हालचाल नसणं आणि दारूचा मामला. एवढ्या नऊ गोष्टींत दहातल्या नऊ ॲटॅकचा हिशेब लागतो. 'नशिबात होतं' असं आपण म्हणतो, त्यातलं बहुतेक मोजता येतं आणि बरंचसं टाळताही येतं.

आता तंबाखूबद्दल. आपल्याकडे विडी-सिगारेट वाईट आणि चुना लावून मळलेली तंबाखू किरकोळ, असा समज आहे. बायकांची मिश्री तर कुणी व्यसनात धरतच नाही. त्याच इंटरहार्टमध्ये २००६ साली हा हिशेबही मांडला गेला. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत ॲटॅकचा धोका दुपटीहून जास्त आणि ओढणं-चघळणं दोन्ही करणाऱ्यांत चौपट. तेव्हा 'तंबाखू सोडली तर' हे शब्द आपण बोलण्यातून काढून टाकू. सोडलीच पाहिजे अशी ती पहिली गोष्ट आहे.

रक्तदाबाविषयी एक जुनी हकिगत सांगतो. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेच्या वेळी त्यांचा रक्तदाब २६० वर १५० होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचा अध्यक्ष, दिमतीला डॉक्टर, तरीही वयाच्या मानानं ठीक आहे असंच म्हटलं जात होतं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, वय ६३. तीन वर्षांनी, १९४८ साली, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या छोट्या गावात पाच हजारांवर माणसांची वर्षानुवर्षं तपासणी करायचं काम सुरू झालं. ज्याला ॲटॅक येतो त्याच्यात आधीपासून काय वेगळं असतं, हे त्यांना पाहायचं होतं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान ही नावं तिथून पुढे आली. आज डॉक्टर 'रिस्क फॅक्टर' म्हणतात, तो शब्दही त्याच अभ्यासामुळे रूढ झाला.

तरी रूझवेल्ट यांच्या डॉक्टरांचं ते वाक्य आजही मी आठवड्यातून चार वेळा ऐकतो : 'साहेब, वयानं थोडं वाढणारच की!' शिवाय, 'मला काहीच त्रास नाही.' बीपीचा त्रास बहुतेकांना होतच नाही, म्हणून तर तो मोजायचा असतो. तिसरं वाक्य, 'एकदा गोळी सुरू झाली की सुटत नाही.' चष्माही सुटत नाही, पण त्यासाठी कुणी धडपडत चालत नाही.

हे आपल्यासारख्या ग्रामीण भागात जमतं का? जमतं. २०१७-१८ पासून भारत सरकारनं उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम काही राज्यांत सुरू केला. महाराष्ट्रात आधी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे घेतले. त्यात नवीन औषध शोधलेलं नव्हतं. ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, त्या महिनाभर पुरतील इतक्या जवळच्या सरकारी दवाखान्यात, आणि जो पुन्हा आला नाही त्याची यादी करून पाठपुरावा. बस, एवढंच.

तेव्हा आता घरी जाऊन काय करायचं, ते मोजक्या शब्दांत सांगतो.

एक : रक्तदाब मोजा. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टरला भेटा. गोळी सुरू झाली तर मनानं बंद करू नका.

दोन : वजनापेक्षा कमरेवर लक्ष ठेवा. टेप बेंबीच्या पातळीवर लावा. पँट पोटाखाली बांधून 'माझी कंबर चौतीसच' म्हणायचं नाही. आपल्याकडे पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण धरतात. त्यासोबत वर्षातून एकदा साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा.

तीन : दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा. त्यात भाजीतलं, ठेच्यातलं, पापड-लोणच्यातलं आणि चहासोबतच्या शेव-फरसाणातलंही धरायचं.

चार : आपल्यातल्या ज्यांची शेती आता ट्रॅक्टरवर आणि कामं मोटारसायकलवर गेली, त्यांनी रोज अर्धा तास भरभर चालावं. बांधावर उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे.

पाच, आणि हे घरच्यांनाही सांगा : छातीवर दाब, जळजळ, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ आणि घाम, असं पंधरा-वीस मिनिटं राहिलं तर ते पित्त समजायचं नाही. बायकांत आणि मधुमेह्यांत नुसता दम लागणं, मळमळ, गळून जाणं एवढंच असू शकतं. १०८ ला फोन करा, जिथे ईसीजी निघेल तिथे आधी जा. १९८८ साली १७,००० वर रुग्णांवरच्या एका अभ्यासानं दाखवलं की साध्या ॲस्पिरिननं मृत्यू जवळपास एक चतुर्थांश कमी होतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही वेळेत मिळालं तर आणखी बरेच जण वाचतात. फोनवर डॉक्टरला विचारून ॲस्पिरिन चावून खा. ॲलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर आधी सांगा. आपल्या लहानपणी शहरात जायला मनमाडकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहावी लागायची. आता रस्ते झाले, गाड्या झाल्या. वेळ जातो तो 'सकाळी बघू' म्हणण्यात.

शेवटचा मुद्दा आपल्या शाळेचा आहे. पुण्याच्या त्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. गरोदरपणी पालेभाज्या, दूध, फळं ज्यांच्या खाण्यात जास्त वेळा होती, त्यांची बाळं भरलेली निघाली. ज्या आयांना शेतातलं-घरातलं कष्टाचं काम जास्त होतं, त्यांची बाळं लहान राहिली. पुढे त्या बाळांची वाढ वर्षानुवर्षं मोजली गेली, आणि ती वयात आल्यावर त्यांनाच बी-१२ जीवनसत्त्व देऊन पुढच्या पिढीची बाळं सुधारतात का, याचाही अभ्यास त्याच केंद्रानं हाती घेतला. याचा अर्थ असा की पन्नाशीत येणाऱ्या ॲटॅकची मुळं आईच्या पोटापर्यंत, आणि तिच्याही शाळकरी वयापर्यंत जातात.

आज याच आवारात आठवी-नववीच्या मुली आपल्याला पाणी देत फिरत आहेत. त्यांच्यातल्या किती जणी सकाळी नुसता चहा पिऊन आल्या असतील? घरात दूध आधी डेअरीला जातं, मग भावाला, उरलं तर तिला. दहावी-बारावी झाली की लग्नाची घाई. आपल्या तुकडीनं शाळेला कमान बांधून द्यायचं ठरवलं आहे, त्याला माझा विरोध नाही. पण त्याआधी मुलींची हिमोग्लोबिन तपासणी आणि मधल्या सुटीत शेंगदाणे-गूळ, अंडं किंवा दूध यांची सोय आपण करू शकलो तर ते देणं जास्त टिकेल. माझ्या वाट्याची वर्गणी मी त्यासाठी आज समितीकडे दिली आहे, आणि तपासणीला वर्षातून दोनदा मी स्वतः येईन.

बाहेर व्हरांड्यात दोन टेबलं मांडली आहेत. माझे दोन सहकारी बीपीचं यंत्र आणि टेप घेऊन बसले आहेत. पंगत बसायला अर्धा तास आहे. पाच मिनिटं शांत बसा, मग हात पुढे करा, आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. गुरुजनांचा मान पहिला. जे बारीक आहेत त्यांनी 'मला कशाला' म्हणून मागे राहू नये, एवढी विनंती करतो आणि माझे दोन शब्द थांबवतो.