वणवा आणि जाळरेषा

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. या दिवसांत वनकर्मचाऱ्यांच्या तोंडी सतत येणारा शब्द म्हणजे जाळरेषा. जंगलात ठरावीक रुंदीचा पट्टा आखायचा, त्यातलं गवत कापून सुकवायचं आणि हंगामाआधीच, माणसं उभी करून, ते जाळून टाकायचं. पुढे वणवा तिथवर आला की त्याला पेटवायला काही उरत नाही. वणवा रोखण्याच्या सगळ्या कामांत मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्या सागाच्या जंगलात आग बहुधा पाचोळ्यातून, जमिनीलगत सरकते; शेंड्यांवरून क्वचितच. म्हणून ब्लोअरने पाचोळा उडवून तिची वाट तोडतात किंवा ओल्या फांद्यांनी झोडपून ती विझवतात. फारच भडकली, तर जाळरेषेच्या कडेने समोरून उलट आग लावतात. हे मात्र जाणत्यांचंच काम.

मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली पाचोळा पेटवला जातो आणि तीच आग पसरते. त्याऐवजी पाचोळा झाडून घ्या, खाली जाळी अंथरा. जंगलात धूर दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.