गोळी चालू आहे म्हणून रक्तदाब ठीक आहे



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. तरीही कार्यकारिणीने हा विषय माझ्याकडे दिला, कारण यातली सर्वात मोठी चूक मी स्वतः केलेली आहे.

एकेचाळिसाव्या वर्षी बँकेच्या तपासणीत माझा रक्तदाब १६४/१०२ निघाला. नंतर दोनदा मोजला, तरी तसाच. डॉक्टरांनी अॅम्लोडिपिनची गोळी सुरू केली. दीड महिन्यात दाब १२८/८२ वर आला. मला वाटले, बरे झालो. गोळी बंद केली आणि घरात कोणालाही सांगितले नाही. पाच महिन्यांनी काउंटरवर नोटा मोजताना उजव्या हाताची बोटे बधिर झाली, जीभ जड झाली. सहकाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेले. दाब होता २००/११६. अर्ध्या तासात हात पूर्ववत झाला, पण डॉक्टर म्हणाले, ही पक्षाघाताची पूर्वसूचना होती. असे काही झाले आणि आपोआप थांबले, तरी घरी बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

त्या पाच महिन्यांत माझे डोके एकदाही दुखले नव्हते. बहुतेकांना या विकारात काहीच जाणवत नाही. आतल्या आत मात्र हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळे यांच्या रक्तवाहिन्या झिजत राहतात.

औषध नव्हते तेव्हा काय होत असे? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ नोंदला गेला. जगातील सर्वात बलाढ्य माणूस, परंतु डॉक्टरांपाशी विश्रांती, कमी मीठ आणि मोजकी औषधे यांपलीकडे फारसे काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी दाब ३००/१९० होता. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडील वनस्पतीचा रक्तदाबावरील परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. १९५७ चे लास्कर पारितोषिक डॉ. वकिलांना मिळाले. (म्हणून कोणी सर्पगंधेची मुळी उगाळून घेऊ नये. तिने मन खचते, आणि आज तिच्याहून चांगली औषधे आहेत.)

रूझवेल्टना जे मिळाले नाही ते आज आपल्याला काही रुपयांत मिळते, सरकारी आरोग्य केंद्रात तर विनामूल्य. तरी आपल्या वस्तीत मी काय पाहतो? पाकीट पुरवावे म्हणून बायका एक दिवसाआड गोळी घेतात. नवऱ्याची गोळी चुकत नाही, हिची चुकते. हे मला फार लागते. भगिनींनो, एक दिवसाआड घेतल्याने पैसा वाचत नाही, औषध मात्र वाया जाते.

गोळीने पाय सुजले किंवा एनालाप्रिलसारख्या गोळीने कोरडा खोकला लागला, तर डॉक्टरांना सांगा, ते औषध बदलून देतात. आपल्या मनाने थांबवू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्यास दाब उसळी मारतो. एखादा दिवस राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी दाब वाढू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गरोदरपणाचा विचार असलेल्या मुलींनी टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल यांविषयी आधीच विचारावे. मिठाविषयी एवढेच, की दिवसाला सर्व मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. लोणचे आणि पापड त्याच हिशोबात धरावेत. गोळी चालू आहे म्हणून मीठ सैल सोडायचे, हा व्यवहार चालत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक काम देतो. घरी गेल्यावर आईच्या गोळ्यांचे पाकीट पाहा. तारखेच्या मानाने गोळ्या जास्त उरल्या असतील तर रागावू नका, कारण विचारा.

सभेनंतर मागच्या खोलीत रक्तदाब मोजण्याची सोय आहे. चहा मोजून झाल्यावर घ्या. आधी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, हात टेबलावर ठेवा आणि मोजताना बोलू नका. आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर चिठ्ठी जपून ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. रांगेत पहिला मीच उभा राहणार आहे. आजची गोळी सकाळी सात वाजता घेतलेली आहे.