हृदयाची उचल



माझ्या खालाने माजलगावात एक अख्खी रात्र 'गॅस झालाय' म्हणत काढली. दरदरून घाम, जबड्यात कळ, दम लागलेला. घरात पुरुष माणूस नव्हता. सकाळी मुलगा आला, मग दवाखाना. ती वाचली, पण आता जिना चढताना मध्ये दोनदा बसते. त्या रात्री तिच्या हृदयात काय चालले होते, तेवढेच आज सांगतो.

हृदयाच्या पेशीला प्रत्येक ठोक्याला एटीपी नावाचे इंधन लागते. त्याची शिल्लक असते जेमतेम काही ठोक्यांपुरती. हातावर पोट असलेले घर म्हणा ना! रोजची कमाई होते मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भट्ट्यांत, बहुतेक चरबी जाळून. त्याला ऑक्सिजन हवा, आणि तो आणते रक्त.

रक्तवाहिनीत गुठळी अडकली की भट्टी विझू लागते. मग पेशी काय करते? बीडच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. ती उचल घेते. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज अर्धवट तोडते. एरवी एका ग्लुकोजमागे 30च्या आसपास एटीपी मिळतात, असे तोडून फक्त 2. वर मुकादमाच्या वहीतल्या बाकीसारखे आम्ल साचत जाते, आणि त्या आम्लामुळे पुढे उचलही मिळेनाशी होते. मिनिटभरातच तो भाग नीट आकुंचन पावेनासा होतो. पेशी अजून जिवंत असते, पण तिचे क्षार आत-बाहेर करणारे पंप बंद पडत जातात, ती फुगते. रक्त पूर्ण अडले असेल तर साधारण 20 ते 40 मिनिटांत पेशी मरू लागतात. मेलेला स्नायू परत येत नाही, तिथे नुसता व्रण राहतो.

मात्र सगळा भाग एकदम मरत नाही. आतल्या थरापासून बाहेर, काही तास हे चालते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन 12 तासांपर्यंत देतात, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. खालाचे तेच तास सोडा पिण्यात गेले. बायकांना आणि मधुमेहींना कधी छातीत दुखतही नाही. नुसता दम, घाम, मळमळ. तेव्हा कोणाची वाट न बघता 108 लावा आणि ईसीजी काढायला सांगा.

मागे एका मुलीने विचारले, रोजा असेल तर? आजाऱ्याला रोजा सोडायची मुभा कुरआननेच दिली आहे. तो नंतर भरता येतो.