फोर्कलिफ्टचा जुना कंट्रोलर विजेच्या गाडीत



कारखान्याच्या गुदामात, बंदरात किंवा शीतगृहात माल उचलून रचणारी विजेची फोर्कलिफ्ट पुष्कळांच्या पाहण्यातील असेल. तिच्या पोटात शिसे-अम्ल घटांची जड पेटी असते. या पेटीतील वीज मोटारीला केव्हा आणि किती द्यावयाची हे ठरविणारा एक ठोकळा आत कोठेतरी, बहुधा मागच्या बिडाच्या प्रतिभाराला टेकून बसविलेला असतो. तोच कंट्रोलर. फोर्कलिफ्ट मोडीत निघाली की हा ठोकळा भंगारात जातो, आणि तेथून कधीकधी पेट्रोलची गाडी विजेवर चालवू पाहणाऱ्या हौशी कारागिराच्या हाती पडतो.

ही प्रथा प्रामुख्याने अमेरिकेत रुजली. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन’ ही हौशी मंडळींची संस्था निघाली. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या छंदाला गरजेची जोड मिळाली. गाडीत घालण्याजोगी विद्युत् यंत्रणा तेव्हा बाजारात सहज मिळत नव्हती. शेकडो अँपिअर प्रवाह हाताळणारे एकदिश म्हणजे डीसी प्रवाहाचे कंट्रोलर मोठ्या संख्येने वापरले जात होते ते फोर्कलिफ्टमध्ये. म्हणून जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा ‘ईव्ही-१’ हा मूळचा फोर्कलिफ्टचा कंट्रोलर घरगुती कार्यशाळांत जाऊन पोहोचला. पुढे फोर्कलिफ्टमध्येच प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोटारी आल्या आणि जुने डीसी कंट्रोलर मोडीत निघू लागले. स्वस्तात मिळणारी ही वस्तू वापरावी काय, हा प्रश्न त्यामुळे आजही निघतो. त्याचे उत्तर किमतीवर अवलंबून नाही. हा ठोकळा बिघडतो तेव्हा काय करतो, यावर ते अवलंबून आहे.

त्यासाठी त्याचे कार्य थोडे समजून घेतले पाहिजे. घटमालेचा दाब जवळजवळ कायम असतो. मोटारीला मात्र निघताना थोडा आणि पुढे अधिक दाब हवा असतो. पूर्वी मध्ये रोधाची वेटोळी घालून हे साधत, आणि तेवढी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. १९७४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या सिटीकार या चिमुकल्या गाडीत तर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरच नव्हता. रोध आणि घटांच्या जोडण्या बदलणारे कॉन्टॅक्टर यांवर काम भागविले होते. गाडी अर्थातच हिसके देत पायरीपायरीने वेग घेई.

चॉपर पद्धतीचा कंट्रोलर निराळ्या रीतीने काम करतो. तो सेकंदाला शेकडो वेळा वीज जोडतो आणि तोडतो. अर्धा वेळ जोडलेली व अर्धा वेळ तोडलेली असेल, तर ४८ व्होल्टच्या घटमालेतून मोटारीला सरासरी २४ व्होल्ट मिळतात. तोडलेल्या क्षणी मोटारीतील प्रवाह एका डायोडमधून फिरत राहतो. त्यामुळे घटमाला १०० अँपिअर देत असता मोटारीतून सुमारे २०० अँपिअर वाहू शकतात, आणि उभ्या गाडीला निघण्यास लागणारा जोर मिळतो. वीज वाया न घालविता हे साधते, हीच या यंत्राची थोरवी.

जुन्या कंट्रोलरमध्ये ही जोडतोड थायरिस्टर करतो. जनरल इलेक्ट्रिकने १९५७ मध्ये विकसित केलेला हा अर्धसंवाहक घटक दणकट खरा, पण त्याचा एक स्वभाव आहे. एकदा सुरू झाला की आतील प्रवाह शून्यावर येईपर्यंत तो थांबत नाही. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून तेथे अडचण पडत नाही. घटमालेचा प्रवाह आपण होऊन कधीच शून्यावर येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी उलट दिशेने भारित केलेला कपॅसिटर थायरिस्टरवर सोडून त्याला बळेच बंद करावे लागते. कपॅसिटर वयोमानाने क्षीण झाला, प्रवाह मर्यादेबाहेर गेला किंवा घटमाला फार उतरली, तर हे बंद करणे फसते. मग चालकाने पेडलवरून पाय काढला तरी मोटारीला पूर्ण दाब मिळत राहतो. नंतरच्या मॉस्फेट ट्रान्झिस्टरच्या कंट्रोलरमध्ये हा कपॅसिटरचा खटाटोप नाही; तथापि तो ट्रान्झिस्टर जळतो तोही बहुधा आरपार जोडलेल्या स्थितीतच. थोडक्यात, या ठोकळ्याचा ठरावीक बिघाड म्हणजे गाडी थांबणे नव्हे, गाडी सुटणे होय.

फोर्कलिफ्ट बनविणाऱ्यांना हे ठाऊक होते. थायरिस्टर बंद होत नाही असे दिसताच दिशादर्शक कॉन्टॅक्टर उघडून वीज तोडणारी पाळत ‘ईव्ही-१’ मध्ये ठेवलेली होती. ठोकळा, कॉन्टॅक्टर, फ्यूज, पेडलचा स्विच आणि आसनाखालचा स्विच मिळून तो एक संच होता. भंगारात या संचाची ताटातूट होते. कॉन्टॅक्टरच्या टोकांत चांदीचा अंश असतो, त्यामुळे ते आधीच काढून घेतले जाण्याचा संभव असतो. कारागिराच्या हाती नुसता ठोकळा येतो आणि तो त्यालाच संपूर्ण यंत्र समजतो. चूक होते ती येथे.

पेट्रोलच्या गाडीची सवय या वेळी घात करते. गाडी अनावर झाली की सराईत चालक ब्रेकबरोबर क्लच दाबतो. फोर्कलिफ्टची जुनी मोटार बहुधा एकसरी, म्हणजे सिरीज जोडणीची असते. पूर्ण दाबावर तिचा भार काढून घेतला तर तिचा वेग बेफाम वाढतो आणि फिरता भाग फुटून तुकडे उडू शकतात. तेव्हा चालकाच्या हाताशी हवा तो मुख्य वीज तोडणारा दांडा, आणि तो शोधावा लागता कामा नये.

रस्त्यावरील काम गुदामातील कामाहून किती वेगळे आहे, हे हिशेबानेच पाहावे. फोर्कलिफ्ट सपाट जमिनीवर सावकाश चालते. घटांचे वजन तिला उपकारकच असते, कारण पुढे उचललेल्या मालाला तेच तोलून धरते. गाडीला तेच वजन वाहून न्यावे लागते. घटांसह १,२०० किलो भरणाऱ्या गाडीला सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेग राखण्यास चाकांपाशी ३ ते ४ किलोवॅट शक्ती पुरते. वीस मीटरला एक मीटर असा चढ लागला की तीच गरज ११ ते १२ किलोवॅटवर जाते. वाटेतील घट धरली तर ४८ व्होल्टच्या घटमालेतून सुमारे ३०० अँपिअर ओढले जातील, आणि तेही घाट संपेपर्यंत. कंट्रोलरवर छापलेला मोठा आकडा मात्र पुष्कळदा एक-दोन मिनिटांपुरताच असतो. खास वाहनांच्या रूपांतरासाठी नावाजलेल्या कर्टिस १२३१सी या कंट्रोलरची मर्यादासुद्धा दोन मिनिटांसाठी ५०० अँपिअर, तर तासाभरासाठी २२५ अँपिअर होती. शिवाय फोर्कलिफ्टमध्ये ठोकळ्याची उष्णता प्रतिभाराचे बीड शोषून घेते. गाडीच्या पातळ पत्र्याला ते जमत नाही. शक्ती कमी पडते म्हणून काहीजण ठरविल्यापेक्षा अधिक दाबाची घटमाला जोडतात. तसे केल्यास अर्धसंवाहक फुटण्याची वेळ केवळ जवळ येते.

मग या वस्तूचा काहीच उपयोग नाही काय? आहे, आणि तो चांगला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्याला चॉपर शिकविण्यास यासारखे साधन नाही. त्यातील प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. तो हाताळताना काही गोष्टी पाळाव्या लागतात. घटमाला सोडविली तरी कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो; तो रोधातून उतरवून, मीटरने तपासूनच हात लावावा. फ्यूज डीसीसाठी आणि त्या दाबासाठी बनविलेलाच हवा. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, आणि गाडीच्या दिव्यांचा १२ व्होल्टवरील फ्यूज ९६ व्होल्टची ठिणगी तोडू शकेल असे मानता येत नाही. काही कंट्रोलरना पेडलचा कमी रोध म्हणजे पूर्ण वेग, तर काहींना नेमके उलटे. त्यामुळे कागदपत्राशिवाय जोडणी करू नये. पहिली चाचणी चाके जमिनीवरून उचलून, कमी दाबाने आणि दांड्यावर एक माणूस उभा ठेवून घ्यावी.

सार्वजनिक रस्त्याची गोष्ट वेगळी. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदलेल्या वाहनात मनास येईल तसा फेरबदल करता येत नाही. २०१६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विद्युत् संच बसविण्याची तरतूद झाली. त्यासाठीचे मानक एआयएस-१२३ हे होय. संच मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेला असावा लागतो. पुण्यातील ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही अशा संस्थांपैकी एक. भंगारातून आणलेला ठोकळा कितीही उत्तम चालत असला तरी या चाळणीतून गेलेला नसतो. ग्रामपंचायतीची विजेवरील कचरागाडी बंद पडली आणि गावातील हुशार कारागिराने जुना कंट्रोलर बसवून ती अल्प खर्चात चालू करून देण्याची तयारी दाखविली, तर त्याच्या हुशारीचे कौतुक जरूर करावे. पण शाळेसमोरून जाणारी ती गाडी त्याच्या स्वाधीन करण्याचा ठराव करू नये. त्याला प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत बोलवावे. ठोकळा टेबलावर मांडून मुख्य कॉन्टॅक्टर कोठे बसवावयाचा आणि तो कोणत्या चार कारणांनी उघडला पाहिजे, हे विद्यार्थ्यांसमोर त्याच्याकडूनच करवून घ्यावे: पेडल सोडल्यावर, चावी फिरविल्यावर, चालक आसनावरून उठल्यावर आणि दांडा ओढल्यावर.